कमी बारीक करणारी सुई

डॉक्टर लुसिमाराबाईंनी टेबलावर दोन पेनं ठेवली, एक निळं आणि एक राखाडी. दोन्हींत सुई, दोन्ही पोटाला टोचायची, दोन्हींनी भूक मरते. निळं रोज टोचायचं, राखाडी आठवड्यातून एकदा.

"निळ्याने वजन उतरतं, पण बेताने," बाई म्हणाल्या. "राखाडीने बरंच जास्त उतरतं. तुमच्या हृदयाकडे बघून मी राखाडीच सुचवेन. मळमळ दोन्हींनी होते, सुरुवातीला. कुठलं घ्यायचं ते आपण मिळून ठरवू."

माझा नवरा एपामिनोंदास, ज्याला सगळं गाव नोनो म्हणतं, आपला एकशे बावन्न किलोंचा देह खुर्चीत कसाबसा कोंबून बसला होता. आठवड्यापूर्वीच बस स्टँडच्या पायऱ्यांवर त्याला धाप लागून ओठ काळेनिळे पडले होते आणि चार हमालांनी उचलून त्याला दवाखान्यात आणलं होतं. त्याने दोन्ही पेनं हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "बाई, यातलं कमी बारीक कुठलं करतं?"

बाईंनी चष्मा काढला. "कमी?"

"म्हणजे साखर आटोक्यात यावी, धाप जावी. पण पोट राहावं."

बाहेरच्या बाकावर बायकांची रांग लागली होती. कुणाला मुलीच्या लग्नाआधी दहा किलो घालवायचे होते, कुणाला समुद्रावर जायच्या आधी. सगळ्या जास्तीत जास्त बारीक करणारी सुई मागायला आलेल्या, आणि माझं ध्यान आत बसून कमीत कमी मागत होतं. मला तिथल्या तिथे जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

"बाई, हा राजा आहे," मी म्हटलं. "कार्निव्हलचा. मुकुट जाईल म्हणून मरायला तयार आहे."

कार्निव्हलच्या राजाला मोमो म्हणतात, आणि मोमो राजा म्हणजे पोट. नियमच आहे आमच्याकडे, एकशेवीस किलोंच्या खाली राजा नाही. जानेवारीत चौकात कॉफीची पोती तोलायचा काटा आणतात, बँड वाजतो आणि राजा व्हायला निघालेले एकेक करून काट्यावर चढतात. नोनो चढला की काटा करकरतो आणि गाव शिट्ट्या मारतं. मग कार्निव्हलच्या शुक्रवारी मेयर गावाची किल्ली त्याच्या हातात देतो, आणि कार्निव्हल संपतो त्या राखेच्या बुधवारपर्यंत गाव त्याचं. बाकीचं वर्ष तो स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसतो, पण तिथेही लोक वाकून विचारतात, "महाराज, साओ पाउलोची बस गेली का?" आणि महाराज हात उंचावून सांगतात, "गेली, प्रजाजन. आता चालत जा."

लहानपणी शाळेत त्याला डुक्कर म्हणायचे. ज्या पोटापायी लाथा खाल्ल्या, त्याच पोटाला आता गाव मुजरा करतं. ते त्याच्याने सुटत नव्हतं हे मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त राग येत होता.

बाईंनी त्याला परोपरीने समजावलं. हृदयाचं चित्र काढून दाखवलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्या म्हणाल्या, "काहीच न घेण्यापेक्षा निळं बरं," आणि निळं लिहून दिलं.

रस्त्यात मी त्याला सोडला नाही.

"मी विधवा झाले तर ती किल्ली मला देणार आहे का रे तुझा मेयर?"

"अगं, औषध घेतोय ना मी!"

"घेतोयस. चाळणीने पाणी भरतोयस. त्या बाईसमोर मी बसले होते, नोनो. एकदा तरी माझ्याकडे वळून विचारलंस, मारी, तुला काय वाटतं?"

"तुला काय वाटतं?"

"आता डोंबल वाटतं."

तो हसला. त्याचं हसू पोटातून यायचं, सगळं अंग हलवायचं. मी नाही हसले.

सुई मात्र रोज मीच टोचायची. हजार माणसांत नाचणारा राजा सुई दिसली की डोळे घट्ट मिटून आईचं नाव घ्यायचा. पहिले काही आठवडे ओकाऱ्या झाल्या, मग बसल्या. वजन बेताबेताने उतरलं. साखर थोडी खाली आली, धाप थोडी कमी झाली. सगळंच थोडं. डिसेंबरात तो एकशे एकोणचाळीसवर आला तेव्हा मला म्हणाला, "बघ! राजाही शाबूत, नवराही शाबूत. उगाच घाबरवत होतीस." खरं सांगते, त्या दिवशी मलाही वाटलं, असेल बाबा, जमलं असेल याला.

जानेवारीत आम्ही नटूनथटून चौकात गेलो. काटा नव्हता.

काट्याच्या जागी मांडव होता, आणि त्यावर गावातल्या सगळ्यात मोठ्या औषधदुकानाचा फलक. कार्निव्हल समितीचा जिल्वान माइकवर आला. नोनोच्या डोक्यावर दर वर्षी मुकुट ठेवणारा हाच. "काळ बदललाय," तो म्हणाला. "लठ्ठपणा हा आजार आहे. यंदा आपल्या गावाला निरोगी राजा!" दुकानदाराने त्या वर्षीचा मांडव आणि बँड दिला होता, आणि राजाही त्यानेच दिला. मायकॉन नावाचा पोरगा, जिममध्ये शिकवणारा. फलकावर त्याचे दोन फोटो, एकात तो ढोल, दुसऱ्यात शिडशिडीत, आणि मधोमध ते राखाडी पेन. नोनोने ज्याला नाही म्हटलं होतं, तेच.

नोनो टाळ्या वाजवत होता. सगळे वाजवत होते म्हणून तोही. मी त्याचा हात धरून खाली केला.

तेल गेलं, तूप गेलं, म्हणतात तसं झालं. कार्निव्हलचे सगळे दिवस त्याने खिडक्या लावून घेतल्या. बाहेर मायकॉन मिरवणुकीच्या गाडीवर उभा राहून दंड फुगवत होता, आणि लोक ओरडत होते, "अरे, कुणीतरी याला जेवायला घाला!" मी आत येऊन ते नोनोला सांगितलं. वाटलं, हसेल. त्याने फक्त विचारलं, "किल्ली कुठल्या हातात धरली होती त्याने?"

राखेच्या बुधवारी चर्चमधून आलो, कपाळावर अजून राख होती, आणि तो म्हणाला, "मारी, ते दुसरं पेन आण."

हे ऐकायला मी वर्षभर तरसले होते. पण माणसाची हाव मोठी. मी विचारलं, "माझ्यासाठी?"

"आता हे पोट ठेवून करू काय?"

तेही असो, म्हटलं. औषधाला कारण कळत नाही. लेक साओ पाउलोहून अर्धा खर्च उचलायची, मी दारात उभी राहून चीजचे गोळे विकायचे, आणि दर रविवारी राखाडी पेन त्याच्या पोटाला लावायचे. बाई खोटं बोलल्या नव्हत्या. वजन असं उतरलं की दर महिन्याला त्याच्या विजारी आत घ्याव्या लागल्या. साखर जागेवर आली. घोरणं थांबलं. ज्या पायऱ्यांवर पडला होता, त्या तो न थांबता चढू लागला. बाईंनी त्याचे कागद बघून माझाच हात हातात घेतला.

आणि माणूस विझत गेला. यात औषधाचा दोष नव्हता, बाईंनी तेही तपासून पाहिलं. बाकावरच्या बायका बारीक झाल्या की नवे कपडे घेऊन मिरवायच्या. हा बारीक झाला आणि त्याचं गावातलं नावच गेलं. गाल लोंबायला लागले. ताटात दोन घास टोकरून उठायचा. एकदा मी डबा घेऊन स्टँडवर गेले, तर खिडकीशी एक परगावचा माणूस विचारत होता, "इथे तो जाडा राजा बसायचा ना? वारला का तो?"

"हो," नोनो म्हणाला. "आपल्याला कुठली बस हवी?"

मी डबा तसाच परत आणला.

ऑक्टोबरात जिल्वान घरी आला. हातात मिठाईचा खोका, ओठांवर साखर. ताकाला जाऊन भांडं लपवायची या माणसाला जन्माची खोड. आधी हवापाणी विचारलं, मग लेकीचं विचारलं. तेवढ्यात नोनो आतून आला, आणि जिल्वानने त्याच्या पाठीमागे नजर टाकली, उरलेला नोनो आत कुठे ठेवलाय की काय म्हणून.

"बोल," मी म्हटलं.

"मारीबाई, लोक ऐकत नाहीत हो. म्हणतात, हाडाचा राजा नको. दुकानदाराने हात काढून घेतला. समितीने ठरवलंय, काटा परत आणायचा. आणि काट्यावर नोनोच हवा." मग हळूच, "किती आहे हल्ली?"

"एकशे आठ," नोनो म्हणाला.

"म्हणजे बाराच कमी! जानेवारीपर्यंत तुझ्यासारख्या माणसाला बारा म्हणजे काय?"

"गरज सरली तेव्हा वैद्याला मारलात," मी म्हटलं, "आता थडग्यातून उकरायला आलात? ऊठ. खोका घेऊन जा."

जिल्वान गेला. खोका नोनोने ठेवून घेतला.

रविवारी मी पेन बाहेर काढलं. तो म्हणाला, "राहू दे." मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, औषध तोडलं तर गेलेलं वजन परत येतं, आणि मुद्दाम खाऊन वाढवलं तर हृदयाचं मी काही सांगू शकत नाही. मी त्याला शब्दन्‌शब्द सांगितला. मग मीच एक पायरी खाली उतरले. म्हटलं, निदान निळं घे. जुनं, बेताचं. बाई देतील. थोडं तू जिंक, थोडी मी जिंकते.

"निळ्याने एकशेवीस होणार नाहीत, मारी."

"नको होऊ दे!"

तो माझ्यासमोर बसला. सैल पडलेली हनुवटी चाचपत म्हणाला, "वर्षभर माझ्याकडे कुणी बघितलं नाही गं."

"मी बघत होते."

"तू तर बघणारच," तो म्हणाला. चिडून नाही, अगदी सहज. "तू बायको आहेस."

तीस वर्षं मी ज्या माणसाला बघत आले, त्याच्या हिशेबात माझे डोळे धरलेलेच नव्हते.

शनिवारी त्याने घेवड्याचा फेजोआदा मागितला. मी म्हटलं, माझ्या चुलीवर शिजणार नाही, जा, समितीकडे जाऊन गीळ. दुपारपर्यंत तोंड फिरवून बसले. मग उठले. काळा घेवडा भिजत घातलेलाच होता, तो आदल्या रात्री मीच घातला होता. शिजवला. डुकराचे कान, शेपटी, सॉसेज, सगळं टाकलं. भात केला. पातेलंच त्याच्यापुढे आदळलं आणि म्हटलं, "खा. पडलास तर उचलायला मला हाक मारू नकोस."

तो जेवायला लागला. बोटं चाटत, डोळे मिटून, मध्येच मान हलवत. घास तोंडात असतानाच त्याला काहीतरी आठवलं आणि तो हसला, आणि टेबल हललं. मी दाराशी उभी होते. मला त्याचा भयंकर राग आला होता, आणि देवाशपथ सांगते, त्याला असं जेवताना बघून मला बरं वाटत होतं.

"थोडं आणखी वाढ," तो म्हणाला.

मी वाढलं.