चटईखालच्या स्टेपनीचं गाऱ्हाणं

मी स्टेपनी बोलतेय. सर्जेरावांच्या गाडीचं पाचवं चाक. डिकीत चटईखाली पडून असते. पंक्चर झाल्याशिवाय कुणाला माझी आठवण येत नाही, म्हणून आज मीच तोंड उघडते.

कारखान्यातून आम्ही पाचही बहिणी एकाच रबराच्या निघालो. केजला आलो तशा चौघी रस्त्याला लागल्या, मी अंधारात.

एकदा सर्जेराव बीडहून आले ते मिरवतच. चौघींत नायट्रोजन भरलेला, व्हॉल्व्हच्या डोक्यावर हिरव्या टोप्या! "इमानात हाच भरतेत," गल्लीभर सांगत फिरले. भरत असतील. तुमची गाडी नेकनूरला जाते हो, ढगात नाही! अन् साध्या हवेतही बहुतेक नायट्रोजनच असतो. विकतचा जरा हळू झिरपतो, एवढंच. पण झिरपतो तोही. सर्जेराव मात्र समजले, आता हवा बघायचं कामच संपलं. मला तर त्यांनी विचारलंही नाही.

मग त्यांच्या लेकीची, पौर्णिमाची बीडला परीक्षा आली, नर्सच्या भरतीची. वयात बसणारी ही शेवटची भरती. उशीर झाला की फाटक बंद.

निघतानाच पारूबाईनं नवऱ्याला हटकलं, "अवो, पुढचं चाक बसलंय. पंपावर हवा मारून घ्या."

"साधी हवा? नायट्रोजनात मिसळली की वाटोळं हुतंय. बीडातच भरू."

"दुधात ताक पडतंय का काय!"

काही वाटोळं होत नाही. कोणतीही मारा, पण मारा! पण चटईखालचा आवाज ऐकतो कोण?

नेकनूरच्या पुढं चाक पार बसलं, बाजू फाटली. मग मला ओढून काढलं. अंगठ्यानं दाबलं तर मी मऊ.

"हिच्यात हवा कावून न्हाई?" सर्जेराव माझ्यावरच खेकसले.

"तुमी कदी भरलीवती का?" पारूबाई म्हणाली.

पौर्णिमा खाली उतरली. सरळ रस्त्यात उभी राहिली अन् ट्रक अडवला. ड्रायव्हरनं ट्रकच्या हवेच्या टाकीला नळी जोडली, चाकांवरच्या हिरव्या टोप्या पाहून हसला. "काका, आपली साधीच हाय. चालंल का?"

"भर बाबा, भर!"

मला पुढं बसवलं अन् मी पळाले. फाटक ओढत होते तेवढ्यात पोरगी आत शिरली.

बाहेर सर्जेराव घाम पुसत दुसऱ्या एका बापाला सांगत होते, "बाकी तिन्हीत नायट्रोजन हाय, म्हणून येळंवर पोचलो बगा!"

काय बोलावं या माणसाला!

पौर्णिमा पास झाली. उद्या तिला रुजू व्हायला लातूरला जायचंय. मी अजून पुढच्या चाकाच्या जागीच आहे, अन् डिकीत ती फाटकी बहीण तशीच पडलीय. म्हणजे उद्या यांच्याकडं पाचवं चाकच नाही. नायट्रोजन भरा, नका भरू, तुमची हौस. पण कुणीतरी सांगा हो त्यांना, निघायच्या आधी एकदा डिकी उघडा!