सातव्या गाण्यातला आवाज

अल्बमचं नाव होतं ‘फक्त मी’. मुखपृष्ठावर धाकटीचे नऊ फोटो होते आणि नवांपैकी एकाही फोटोत तिचं तोंड मिटलेलं नव्हतं. थोरलीने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती म्हणाली, “एवढं तोंड गाताना उघडलं असतंस तर माझे कष्ट वाचले असते.” धाकटी नुसती हसली. तिला टोमणा कळत नाही असं नव्हतं, पण त्या दिवसांत बाईसाहेब इतक्या हवेत होत्या की टोमणेसुद्धा त्यांना कौतुकच वाटायचे.

धाकटी म्हणजे त्या चार मुलींच्या प्रसिद्ध गटातली ती, जिचा फोटो मुलं वहीत लपवून ठेवायची. दहा वर्षं चौघी एकसारखे बूट घालून नाचल्या आणि गायल्या. नाचल्या जास्त, गायल्या आपल्या बेताच्याच. मग एके दिवशी पत्रकारांना बोलावून धाकटीने जाहीर केलं की, आता तिला स्वतःचा आवाज शोधायचाय. थोरली घरात टीव्हीसमोर बसून ते बघत होती. “शोधायला आधी हरवावा लागतो, बाई,” ती टीव्हीला म्हणाली, “आणि हरवायला मुळात असावा लागतो.” टीव्हीतली धाकटी डोळे पुसत होती.

हे बोलायचा आपल्याला हक्क आहे असं थोरलीचं पक्कं मत होतं, कारण ती गाइड गायची. हे काम बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. मोठी गायिका स्टुडिओत यायच्या आधी कुणीतरी ते गाणं गाऊन ठेवतं. चाल कुठे वळते, श्वास कुठे घ्यायचा, कुठला शब्द कुठे पडतो, सगळं चोख. मग गायिका येते, कानाला हेडफोन लावते आणि ते ऐकत ऐकत आपलं गाते. तिचं जमलं की गाइडचा आवाज बंद करतात. पुसतसुद्धा नाहीत, एक बटण दाबून गप्प बसवतात. अकरा वर्षं थोरली अशी गप्प बसत आली होती.

गाइडचा एकच नियम. कोरं गायचं. हरकत-मुरकी घ्यायची नाही, लाडात यायचं नाही, गळा भरून आणायचा नाही, नाहीतर समोरची त्याचीच नक्कल करत बसते. थोरलीइतकं कोरं कुणी गात नसे. मिशीवाले रेकॉर्डिस्ट म्हणायचे, “ताई, तुमच्या आवाजावर कुणीही काहीही लिहावं!” थोरली मान हलवून ते कौतुक पदरात पाडून घ्यायची आणि घरी येऊन बाबांना सांगायची. गटाच्या निवडीला खरं तर दोघी बहिणी गेल्या होत्या. धाकटीला घेतलं. थोरलीला विचारलं, “गाइडला याल का?” त्या दिवसापासून थोरलीचं जिभेवरचं नियंत्रण सुटलं ते सुटलंच.

‘फक्त मी’ची नऊही गाणी थोरलीनेच आधी गाऊन दिली. ‘फक्त’ या शब्दावर ती महिनाभर हसत होती. मग धाकटी स्टुडिओत आली, आणि काय तो थाट! दिवे मंद हवेत, पाणी कोमट हवं, पायात मोजे हवेत कारण बुटांत तिला म्हणे गाण्याची जमीन लागत नव्हती. “जमीन सोड, आधी सूर लाव,” थोरली काचेच्या अलीकडून पुटपुटली. मिशीवाल्यांनी खोकल्यासारखं करून हसू गिळलं.

पहिली सहा कशीबशी पार पडली. सातवं गाणं मात्र संथ होतं, वाद्यं जवळजवळ नाहीतच, आणि शेवटच्या अंतऱ्यात आवाज एकदम वर जाऊन तिथेच थांबायचा होता. तो वरचा सूर धाकटीच्या हाती लागेना. पंधराव्यांदा आवाज फाटला. विसाव्यांदा ती रडली. एकतिसाव्यांदा ती कशीतरी तिथपर्यंत पोचली, हलली, घसरली, आणि काचेअलीकडे बसलेला निर्माता ताडकन उठून म्हणाला, “बस्स! हेच ठेवायचं.”

“हे?” थोरलीने विचारलं.

“यात काहीतरी आहे.”

“आहे ना. सर्दी.”

निर्मात्याने तिच्याकडे असं पाहिलं की जणू खुर्चीच बोलली. गाइडशी कुणी वाद घालत नाही.

तीन आठवड्यांनी अल्बम पाठवून द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी चौघं स्टुडिओतल्या मळक्या सोफ्यावर शेवटचं ऐकायला बसली. निर्माता, मिशीवाले, धाकटी, आणि कडेला थोरली. सहा गाणी झाली. सातवं सुरू झालं आणि थोरलीने कान टवकारले. हा आवाज तिचा होता.

काय झालं असेल ते तिला तिथल्या तिथे कळलं. पडद्यावर दोन आवाजांच्या दोन रांगा एकाखाली एक. एकतीस वेळा मागे-पुढे करून करून मिशीवाल्यांचं डोकं पिकलेलं. बटण एका रांगेने चुकलं. धाकटीचा आवाज बंद झाला आणि गाइडचा उघडा राहिला. एका घरातले दोन गळे, त्यावर चढवलेला घुमारा, वर तीन आठवडे तेच तेच ऐकून दमलेले कान. पण म्हणून इतकं? इतकंसुद्धा कळू नये?

थोरलीने तिघांकडे पाहिलं. निर्माता डोळे मिटून डोलत होता. मिशीवाले फोनवर कुणाला तरी उत्तर लिहीत होते. आणि धाकटी! धाकटीने तिचा हात घट्ट धरला आणि ती म्हणाली, “ताई, वर कशी स्वच्छ गेलेय बघ. मला वाटलं नव्हतं मला हे जमेल.”

“थांबा” एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. थोरलीने तोंड उघडलंही. पण मग तिच्या मनात आलं, मी का सांगू? अकरा वर्षं सांगितलंच नाही का, श्वास कुठे घ्या, शब्द कुठे टाका? आता एकदा तरी कुणीतरी आपणहून ओळखावं. जास्त नको, एकाच माणसाने, न सांगता, म्हणावं की ही ती नव्हे, ही दुसरी कुणीतरी आहे, कोण आहे ही? बस. एवढंच हवं होतं तिला. त्यासाठी ती तोंड मिटून बसली.

अल्बम आला आणि कौतुकाला ऊत आला. थोरली एकेक परीक्षण चष्मा लावून वाचायची. एका शहाण्याला पहिल्या गाण्यात ‘जखमी पाखराची फडफड’ ऐकू आली. “फडफड कसली, श्वास पुरला नाही तिला,” थोरली म्हणाली. दुसऱ्याने तिसऱ्या गाण्यावर दोन पानं खर्ची घातली. तिसऱ्याने गाणी ऐकलीच नव्हती बहुतेक, तो नऊ फोटोंवर घसरला होता. जुन्या गटातल्या तिघींनी दात ओठ खात का होईना, अभिनंदन केलं. सातव्या गाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. चांगला नाही, वाईट नाही.

तिने मिशीवाल्यांना फोन करून खडा टाकून पाहिला. “सातवं कसं वाटलं हो तुम्हाला?”

“सातवं? छानच आहे की. काही खटकलं का ताई?”

“छे! मला काय खटकणार?” असं म्हणून तिने फोन आपटला. कानांचा धंदा करणारी माणसं ही! दगड बरे. बाजारात लाखभर लोकांनी ते गाणं ऐकलं असेल, त्या लाखांना मिळून एक कान नव्हता, असं तिचं ठाम मत झालं.

एकच माणूस उरला होता. बाबा.

बाबा पियानो आणि पेट्या जुळवून द्यायचे, चाळीस वर्षं. खालच्या खोलीत त्यांचं काम चालायचं. पलीकडच्या खोलीत कोण खोकलं, कोणत्या मुलीने पाय आपटला, हे ते मान वर न करता सांगायचे. स्पीकरवरचं गाणं म्हणजे डब्यातलं गाणं, असं म्हणून ते कधी ऐकत नसत, त्यामुळे अल्बम त्यांनी अजून ऐकला नव्हता. धाकटीच्या मागे मात्र कामांची रीघ होती; तिला घरी यायला तीन आठवडे लागले. ज्या सकाळी ती आली, त्या सकाळी थोरलीने गाइडचं काम रद्द केलं आणि आधीपासून खालच्या खोलीत दाराला टेकून उभी राहिली.

टेबलावर एका पियानोच्या आतल्या हातोड्या ओळीने मांडल्या होत्या. बाबा एकेकीच्या तोंडावरची लोकर पॉलिश पेपरने घासून सारखी करत होते. “लाव,” ते धाकटीला म्हणाले. “हात मोकळे नाहीत, कान आहेत.”

पहिलं लागलं आणि बाबांचं काम थांबलं. “अगं, श्वास घे की!” दुसऱ्यात म्हणाले, “हं, इथे घसरलीस.” तिसऱ्यात त्यांनी हातोडी खाली ठेवली, कपाळाला आठ्या घातल्या, आणि गाणं संपेपर्यंत ती उचललीच नाही. “कशाला इतकी लाडात येतेस?” धाकटी नखं खात होती. चौथं, पाचवं, सहावं. दर वेळी बाबा चुळबुळले, दर वेळी काहीतरी पुटपुटले, आणि एवढ्या वेळात दोनच हातोड्या घासून झाल्या. थोरलीला आतून गुदगुल्या होत होत्या. काढा अजून तिची सालपटं, काढा!

सातवं सुरू झालं. बाबांनी मान खाली घातली आणि कामाला लागले. एक हातोडी झाली, दुसरी झाली, तिसरी घेतली. वरचा सूर आला, थांबला, गेला. बाबांनी मान वर केली नाही. गाणं संपलं. यांनाही नाही. यांनाही नाही कळलं.

आठवं वाजू लागलं आणि बाबा म्हणाले, “थांब जरा. ते आत्ताचं ताईने म्हटलंय ना?”

“काहीतरीच काय बाबा,” धाकटी हसली. “मीच आहे.”

“तू नाहीस. ताई आहे.”

मग थोरली सुटली. तीन आठवडे नव्हे, अकरा वर्षं साठलेलं सगळं बाहेर पडलं. बटण, रांगा, सोफा, डोलणारा निर्माता, सगळं तिने चवीचवीने सांगितलं. “त्याला कळलं नाही, मिशीवाल्यांना कळलं नाही, त्या फडफडवाल्याला कळलं नाही. आणि तुला? तुला स्वतःलासुद्धा नाही! स्वतःचा आवाज शोधायला निघाली होतीस ना, राणीसाहेब?”

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता. “मग मी म्हटलेलं कुठे गेलं?”

“बंद आहे. बटण दाबून. कसं वाटतं?”

धाकटीकडे बघायला थोरलीला वेळही नव्हता. ती बाबांजवळ जाऊन बसली, लहानपणी बसायची तशी, आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही कशावरून ओळखलंत? त्या वरच्या सुरावरून ना?”

“सूर काय, हल्ली मशीनही लावून देतं,” बाबा म्हणाले. त्यांनी हातोडीवर फुंकर मारली. “ही गात होती तेव्हा काही सुचत नव्हतं मला. नुसती चिडचिड. सातवं लागलं आणि हात आपोआप चालायला लागले. बघ, तीन झाल्या. म्हटलं, ही आपली ताई.” त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “तुझ्या गाण्याचा मला कधी म्हणून त्रास नाही झाला, पोरी.”

त्यांना ते चांगलंच म्हणायचं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर माया होती आणि तेच थोरलीला सहन होईना. त्रास नाही, म्हणजे हातातलं काम थांबवून कधी ऐकलंही नाही.

धाकटीने तेवढ्यात फोन काढला होता. रेकॉर्डिंगच्या दिवशी घरी जाताना ऐकायला तिने तो एकतिसावा प्रयत्न फोनवर घेऊन ठेवला होता. तिने तो लावला. वाद्यं नाहीत, घुमारा नाही, नुसता तिचा गळा. वर जाताना तो हलला, फाटला, आणि फाटलेलाच तिथे उभा राहिला.

“खाली आहे,” थोरली म्हणाली. “चांगला अर्धा सूर खाली आहे.” तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

“आहे,” बाबा म्हणाले. हातोडी त्यांनी कधीच टेबलावर ठेवून दिली होती. “परत लाव गं.”

धाकटीने परत लावलं. थोरलीला रडू आलं आणि ते त्या गाण्यामुळेच आलं, याचा तिला मरणाचा राग आला.