पंप खराब नव्हता

मी बोलतोय, आणि आज तरी कुणी मला मध्येच गप्प करू नका. गाडीची काच मळली की तिच्यावर पाणी फेकणारा तो छोटा पंप, तो मी. मुठीत मावेन एवढाच माझा जीव. सध्या एका गॅरेजात भंगाराच्या डब्यात पडलोय. मघाशी मेकॅनिक दुसऱ्या गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "काही नाही हो, पंप खराब निघाला." हे धादांत खोटं आहे. म्हणून तोंड उघडावं लागलं.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात एवढीशी मोटर, तिच्या टोकाला प्लास्टिकचं चक्र, खाली पाणी ओढायचं तोंड आणि त्या तोंडावर बारीक जाळी. माझ्या वाट्याला आली एक पांढरी व्हॅन. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे सगळ्या रस्त्याचा चिखल येऊन बसतो, तिथे पाण्याची टाकी आणि टाकीच्या तळाशी रबरी बुचात घट्ट बसवलेला मी. मला कधी कुणी पाहिलं नाही. माणसांना काच लख्ख दिसली की पुरे. ती कोण धुतं, याची चौकशी कोण करतो?

व्हॅन एका लॉन्ड्रीची. हॉस्पिटलच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट न्यायचे आणि धुऊन परत पोचवायचे, हे तिचं काम. लॉन्ड्री आबांनी उभी केलेली, त्यामुळे तिथे शब्द त्यांचाच. मुलगा इस्त्रीच्या टेबलामागे. बापापुढे त्याच्या तोंडून ब्र निघायचा नाही. आधी गाडी आबाच चालवत. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा चावी नाइलाजाने सुनेकडे आली. 'नाइलाजाने' हा शब्द माझा नाही, आबांचा. तो ते येताजाता ऐकवत.

सून गाडी छान चालवायची. ती स्टिअरिंगजवळची दांडी हलकेच ओढायची, मी गुरगुरायचो आणि काचेवर दोन धारा उडायच्या. कधीकधी ती "शाब्बास" म्हणायची. कुणाला म्हणायची ते तीच जाणे, मी आपला खूश व्हायचो.

मग एका संध्याकाळी आबांचं डोकं चाललं. कोटांना घालून उरलेली खळ टबात पडून होती. पातळ, दुधासारखी, वर थोडा साबणाचा फेस. "ही काय मोरीत ओतायची?" आबा म्हणाले. "गाडीच्या टाकीत जाऊ दे. नुसतं नळाचं पाणी काय काच धुणार? आपण धुलाईवाले आहोत!"

आणि ओतली की हो माझ्या डोक्यावर! जी खळ मऊ कापडाला ताठ करते, ती मला सोडणार होती का? माझ्या जाळीवर साय धरावी तसा थर धरला. धार बारीक झाली. सुनेच्या ते लगेच लक्षात आलं.

"आबा, काचेवर पाणी नीट येत नाहीये."

"टाकी रिकामी असेल," आबा म्हणाले आणि त्यांनी आणखी खळ ओतली. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा सांगितलं. आबांनी पुन्हा ओतली. लोक आगीत तेल ओततात, आमच्याकडे खळ ओतत होते.

मी मात्र हटलो नाही. प्रत्येक वेळी होता नव्हता तो जोर लावला. मोटर तापायची, चक्र चिकट्यात रुतायचं, तरी ढकलत राहायचो. कामचुकारपणा माझ्या जातीतच नाही.

शेवटी ती सकाळ उजाडली. हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी वळताना पुढच्या ट्रकने चिखल उडवला, तो सगळा काचेवर. समोरून ऊन डोळ्यांत. सुनेने दांडी ओढली. मी जीव खाऊन फिरलो, मग फिरता येईना, आतून जळका वास आला आणि मी थांबलो. थेंबभर पाणी उडालं नाही. वायपरने चिखल सगळीकडे सारवला आणि गाडी खांबाला घासली. कुणाला लागलं नाही, पण दिवा फुटला आणि गाठोडी घसरून खाली आली. हॉस्पिटलच्या मेट्रन बाहेर आल्या आणि त्यांनी आबांना फोन लावला. "या बाईंना पुन्हा गाडी घेऊन पाठवलंत, तर आमचे कपडे दुसऱ्या लॉन्ड्रीत जातील."

आबांनी चावी खिशात टाकली. सून म्हणाली, "काचेवर पाणीच आलं नाही, आबा. मला समोरचं दिसेना."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" आबा म्हणाले. "आता तू कपड्यांच्या घड्याच घाल."

पण गाडी गॅरेजात आली, तेव्हा आबांच्या मागोमाग तीही आली आणि बॉनेटपाशी ठाण मांडून उभी राहिली.

मेकॅनिकने तिला दांडी ओढायला सांगितली आणि कान लावला. माझा आवाज नाही. त्याने फ्यूज काढून पाहिला, तो शाबूत होता. मग माझी वायर सुटी करून तिला छोटा दिवा लावला. दिवा लागला.

"वीज इथपर्यंत येतेय. म्हणजे पंप गेला."

आबांचा चेहरा असा खुलला, जसं काही लग्न ठरलं! "बघा! पंपच खराब निघाला. मेट्रनबाईंना हेच सांगतो. सूनबाई, तुझीही अब्रू राहिली आणि लॉन्ड्रीचीही."

मेकॅनिकने मला टाकीतून उपटलं आणि नवा पंप खोक्यातून काढला. तो बसवणार, एवढ्यात सून म्हणाली, "थांबा." तिने मला तळहातावर घेतलं, जाळीवरचा चिकटा दोन बोटांत चोळला. लॉन्ड्रीत मुरलेली बोटं ती.

"आबा, ही खळ आहे."

आबा छताकडे बघायला लागले. "थोडीशीच होती. वाया जात होती."

"जाऊ द्या ना वहिनी," मेकॅनिक हसत म्हणाला. "पंप खराब होता म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पंपाला कुठे नाक आहे कापायला?"

मी नुसता धुमसत होतो. पण ती बोलली.

"नाही. पंप खराब होता म्हटलं, तर मेट्रन विचारतील, मग बाईंनी आधी का नाही दाखवला? म्हणजे फिरून माझ्याच अंगावर. मी दोनदा सांगितलं होतं, आबा. पंप खराब नव्हता. आणि माझं चालवणंही नाही."

माझी बाजू घेऊन जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी बोललं होतं. मोटर जळली नसती, तर मी तिथेच गुरगुरलो असतो.

"आधी टाकी उतरवा," ती मेकॅनिकला म्हणाली. "त्याच टाकीत नवा बसवलात, तर त्याचंही हेच होईल. आणि पाणी गरम करा. गार पाण्याला खळ दाद देत नाही."

टाकी उतरली. ती आतून घासू लागली. आबा थोडा वेळ हाताची घडी घालून उभे राहिले, मग न राहवून त्यांनी किटली उचलली आणि ते वरून गरम पाणी ओतू लागले. तिसऱ्या खेपेला टाकी स्वच्छ झाली. नवा पंप तिने स्वतःच्या हाताने रबरी बुचात दाबून बसवला, वायर लावली, नळी जोडली आणि साधं पाणी भरलं. आबा काचेपाशी वाकून बघत होते, तेवढ्यात तिने दांडी ओढली. दोन्ही धारा थेट आबांच्या तोंडावर! मेकॅनिक खो खो हसला. आबाही हसले.

त्यांनी तोंड पुसलं आणि फोन लावला.

"मेट्रनबाई, उद्या गाडी सूनच घेऊन येईल... नाही, आधी माझं ऐका. पाण्याच्या टाकीत खळ मी ओतली होती. हो, मीच. ती बिचारी सांगत होती, मी ऐकलं नाही."

फोन ठेवून त्यांनी चावी तिच्या हातात दिली आणि तिच्याकडे न बघता ते शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

मला परत गाडीत बसवा, असं मी म्हणत नाही. मी जळालोय, ते मलाही कळतं. पण ज्या आबांनी आयुष्यात कधी माघार घेतली नाही, त्यांना खरं बोलता आलं, मग या मेकॅनिकला काय झालंय? उद्या भंगारवाला येईल, मला तराजूत टाकील. मी काही मान खाली घालून जाणार नाही. त्याने विचारलंच, तर एवढं सांगा : हा अडला होता, तेव्हाही ढकलत होता.