चुकीच्या उत्तरांचा माग

अरुंधती धोटेला लहानपणापासून एक खोड होती. काही चुकलं, की ते दुरुस्त करण्याआधी ते का चुकलं हे तिला पाहायचं असे. सावनेरच्या घरी तिच्या हातची भाकरी करपली, तर आई दुसरी थापायला घेई आणि ही पोट्टी करपलेली भाकरी उलटीपालटी करून कुठून करपली ते पाहत बसे. वडील, चंपतराव, हसत. शेतीवाडी सांभाळणारा शांत माणूस. "हिले वकील करा," असं गावातलं कोणी म्हणालं, की ते म्हणत, "वकील दुसऱ्याच्या चुका शोधते. हे तर स्वतःच्याच शोधून राहिली."

पुढे ती संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायला नागपूरला आली आणि महाल भागात मावशीकडे राहू लागली. मावशी म्हणजे इंदुताई, महापालिकेच्या शाळेत मास्तरीण. काका, मधुकरराव, रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात होते. त्या घरात मूलबाळ नव्हतं, त्यामुळे अरुंधतीच्या पुस्तकांना पलंगाखाली, कपाटावर, देवघराच्या फळीवरसुद्धा जागा मिळाली.

ती शेवटच्या वर्षाला होती. एकोणऐंशी सालचा पावसाळा सरत होता, तेव्हा अनंत कुंभलकर एक पातळ पुस्तिका घेऊन घरी आला. अनंत रामटेकचा, नुकतंच इंजिनिअरिंग पुरं केलेला. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत दोघांची ओळख झालेली. अहमदाबाद, कलकत्ता, बंगळूर इथल्या मॅनेजमेंटच्या संस्थांसाठी देशभर एक परीक्षा होते, हे अरुंधतीला त्यानंच सांगितलं होतं. स्वतः त्यानं ती आदल्या वर्षी दिली होती आणि मुलाखतीचं बोलावणंही आलं नव्हतं. या वर्षी तो दुप्पट जोरानं लागला होता. इंग्रजीची डिक्शनरी पाठ करून राहिला होता. 'एम'पर्यंत पोचला होता.

"तू दे ना परीक्षा," तो म्हणाला. "तुह्यं गणित चांगलं आहे."

"पण त्यात विचारतात काय?"

"सगळंच विचारतात. म्हणून तर सगळं करा लागते."

हे उत्तर अरुंधतीला पटलं नाही. सगळं विचारत असतील, तर दोन तासांच्या पेपरात कसं विचारतील? तिनं पुस्तिका ठेवून घेतली. फॉर्मबरोबर आलेली नमुन्याची पुस्तिका होती ती. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं, त्यातलं एक बरोबर. नागपुरात या परीक्षेची शिकवणी कुठे चालते असं कोणी ऐकलं नव्हतं. हाताशी होतं ते एवढंच.

रविवारी सकाळी तिनं घड्याळ समोर ठेवून ती पुस्तिका सोडवली आणि उत्तरं ताडून पाहिली. निम्म्याच्या वर चुकली होती. कॉलेजात पहिली येणारी मुलगी ती. क्षणभर तिच्या कानशिलांत ऊन चढल्यासारखं झालं. मग खोड जागी झाली. चुकलेल्या प्रश्नांसमोर ती मांडी घालून बसली.

त्यातला एक प्रश्न साधा होता. एक माणूस एका गावाहून दुसऱ्या गावाला सायकलनं ताशी दहा किलोमीटरनं जातो आणि त्याच वाटेनं ताशी पंधरानं परत येतो. सगळ्या प्रवासाचा सरासरी वेग किती? खाली उत्तरं होती: बारा, साडेबारा, तेरा, पंचवीस. तिनं तेराला खूण केली होती. बरोबर उत्तर बारा.

बारा कसं येतं ते तिला लगेच कळलं. हळू जाताना जास्त वेळ लागतो, म्हणून सरासरी हळूकडे झुकते. पण तिला वेगळंच नवल वाटत होतं. पंचवीस हे उत्तर दोन आकड्यांची नुसती बेरीज करणाऱ्यासाठी ठेवलेलं दिसत होतं. साडेबारा हे दोहोंच्या मधलं धरणाऱ्यासाठी. म्हणजे पेपर काढणाऱ्यानं चुकीची उत्तरं उगीच भरली नव्हती. कोण कुठे घसरेल ते ओळखून तिथे तिथे खड्डा खणून ठेवला होता. मग तेरा कोणासाठी होतं? आणि आपण तिथे जाऊन पडलो कशाला? काही केल्या आठवेना.

संध्याकाळी काका ड्युटीवरून आले, तसा तिनं तोच प्रश्न सावनेर आणि नागपूर अशी गावांची नावं घालून त्यांना विचारला.

"साडेबारा!" काका बूट काढता काढता म्हणाले. "याच्यात काय विचार करा लागते?"

"इतक्या लवकर काहून सांगितलं, काका?"

"अवं, खिडकीसमोर रांग उभी राहते. तिथं विचार करत बसलो, तर लोकं गाडी सोडून मलेच धरतीन."

इंदुताई मटकी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "तो परत त्याच रस्त्यानं आला का?"

"हो, मावशी."

"मधात कुठं चहाले थांबला काय?"

"नाही वं."

"मंग दोन्ही बाजूचं अंतर सारखं. पण वेळ सारखा नाही." त्यांनी मटकीतला खडा बाजूला टाकला. बोटांवर काहीतरी मोजलं, मध्येच पुन्हा पहिल्यापासून धरलं. पोळीचा तवा तापून धूर निघायला लागला, तेव्हा कुठे म्हणाल्या, "बारा असन."

"बरोबर!"

"पण अशा चालीनं तुह्या मावशीचे दोन तासांत चारच प्रश्न होतीन," काका म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

इंदुताईंनी काकांकडे लक्ष दिलं नाही. "तू काय लिवलं होतं वं?"

"तेरा."

"तेरा? काहून?"

शाळेत मुलांना विचारावं तसं त्यांनी विचारलं. रागावून नाही, खरंच जाणून घ्यायला. आणि त्या 'काहून'सरशी अरुंधतीला सकाळचा तो क्षण आठवला. साडेबारावर नजर पडताच तिला वाटलं होतं, हा फसवायचा डाव आहे, आपण काही फसणार नाही. फसवणूक ओळखल्याचा इतका आनंद झाला होता, की पुढचं गणित न करताच तिनं शेजारचा आकडा उचलला होता. तेरा हे तिच्यासारख्यांसाठीच ठेवलेलं होतं. ज्यांना अर्धं कळतं आणि उरलेलं अर्धं कळल्यासारखं वाटतं, त्यांच्यासाठी.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "पेपर काढणाऱ्यानं मले न पाहता कसं ओळखलं?"

"तुह्यासारख्या पोट्ट्या माह्या वर्गात दर वर्षी दोन-तीन राहतात," इंदुताई म्हणाल्या आणि तव्याकडे वळल्या.

त्या दिवसापासून अरुंधतीच्या अभ्यासाची तऱ्हाच बदलली. बाकीची चुकलेली उत्तरंही तिनं अशीच एकेक करून विचारली: तू कशी चुकलीस? काही न येण्यामुळे चुकली होती, पण ती थोडी. बरीचशी घाईच्या शहाणपणानं चुकली होती. आणि शेवटचे प्रश्न तर तिनं वाचलेसुद्धा नव्हते, कारण मधल्या एका कोड्यात ती इतकी रमली होती, की तिकडे घड्याळ पुढे सरकून गेलं होतं.

पुस्तिका एकच, आणि तीही सोडवून झालेली. मग तिनं स्वतःच प्रश्न तयार करायला घेतले. कॉलेजला जाता-येता, भाजी आणताना, बसच्या रांगेत. बरोबर उत्तर काढणं सोपं होतं. चुकीची तीन उत्तरं काढताना मात्र घाम फुटे, कारण त्यासाठी तीन वेगवेगळ्या माणसांच्या डोक्यात शिरावं लागे. एक उत्तर ती काकांसाठी ठेवी, एक अनंतसाठी आणि एक स्वतःसाठी. काका खिडकीवरच्या वेगानं उत्तर देत आणि हमखास सापडत. चिडत नसत. उलट ऑफिसात जाऊन तेच प्रश्न दुसऱ्यांना घालत आणि घरी येऊन खुशीत सांगत, "आमचे हेडक्लार्क बी पडले त्याच्यात!"

अनंतला मात्र हे पोरखेळ वाटे. "परीक्षा डिसेंबरात आहे आणि तू लोकांले कोडी घालून राहिली. माह्यं 'एस' सुरू झालं."

"बरं. मागच्या वर्षी तुह्यं काय चुकलं, हे तू पाहिलं काय?"

"त्यात काय पाहायचं? कमी पडलो."

"कशात कमी पडला?"

वर्षभर अनंतनं स्वतःला हा प्रश्न विचारलाच नव्हता. बरं वाटेना म्हणून कोणी दुप्पट जेवावं, तसा तो दुप्पट अभ्यास करत होता.

अरुंधतीनं त्याला तिच्या प्रश्नांचा एक पेपर दिला आणि समोर बसून नुसती त्याच्या हाताकडे पाहत राहिली. अनंत एकही प्रश्न सोडत नव्हता. जमेना तरी पेन्सिल रोवून बसायचा, कपाळाला आठ्या, आणि शेवटी वैतागून कुठेतरी खूण करायचा. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, असं त्यानंच तिला सांगितलं होतं.

"तू सोडत काहून नाही?" तिनं विचारलं.

"सोडलं तर हरल्यासारखं वाटते."

ती हसली नाही. तिचंही तसंच होतं, फक्त कारण निराळं. त्याला हार सोसवत नव्हती आणि तिला कुतूहल आवरत नव्हतं. घड्याळाला दोन्ही सारखंच. मग दोघांनी ठरवलं, की आता सराव करायचा तो प्रश्न सोडून देण्याचा. प्रश्न वाचायचा, हा आपला की नाही ते ठरवायचं, नसेल तर पुढे जायचं. ऐकायला किती सोपं! अनंत दर वेळी मागे वळून पाही. अरुंधती पुढे जाई, पण सोडलेलं कोडं दाढेत अडकलेल्या बडीशेपेसारखं तिला छळत राही. हळूहळू तिनं स्वतःशी एक करार केला: सोडलेलं कायमचं सुटत नाही, पेपर संपल्यावर ते आपलंच आहे.

परीक्षा डिसेंबरच्या एका रविवारी होती. सकाळची थंडी इतकी, की हॉलमध्ये पोरं हातमोजे काढू की नको अशा विचारात बसलेली. पेपर उघडला आणि थोड्याच वेळात अरुंधतीसमोर एक प्रश्न आला. तीन भांडी, वेगवेगळ्या मापांची, आणि पाणी इकडून तिकडे ओतायचं. इतका देखणा प्रश्न तिनं आजवर पाहिला नव्हता. पहिली पायरी दिसत होती, दुसरी दिसल्यासारखी वाटत होती. पेन्सिल आपोआप पाण्याच्या रेघा काढू लागली.

दिसल्यासारखी. त्या शब्दापाशी ती थबकली. तिनं पान उलटलं. उलटताना खरोखरच कोणीतरी हात धरून ओढल्यासारखं वाटलं. पुढचे प्रश्न साधे, रुक्ष होते. तिनं ते एकामागून एक केले, शेवटपर्यंत पोचली, आणि जे नाही जमलं ते कोरं ठेवलं.

बाहेर आल्यावर अनंत पायऱ्यांवर बसलेला दिसला. त्यानंही काही प्रश्न सोडले होते, पण शेवटी शेवटी राहवलं नाही, असं त्यानं स्वतःच सांगितलं. मग दोघांनी तिथेच खडूच्या तुकड्यानं फरशीवर तीन भांडी काढली आणि पाणी ओतत बसले. चौकीदारानं हटकलं, तेव्हा कुठे उठले. तोवर उत्तर सापडलं होतं.

होळीच्या सुमारास कलकत्त्याचं मुलाखतीचं बोलावणं आलं. अरुंधतीला आलं, अनंतला नाही. आपल्याला आल्याची बातमी त्याला कशी सांगावी, या विचारानं ती दोन दिवस घराबाहेर पडली नाही. शेवटी तोच आला. पायरीवर उभा राहून त्यानं नकारार्थी मान हलवली आणि इंदुताईंनी दिलेला चहा न पिताच गेला. चार दिवसांनी पुन्हा आला तेव्हा डोळ्यांखाली काळं होतं, पण हातात इंग्रजी वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. "मुलाखतीत हे विचारतात म्हणे. वाचून ठेव," म्हणाला. अरुंधतीला गठ्ठा हातात घ्यायला फार जड गेला.

मुलाखत मुंबईला होती. काका पास काढून बरोबर आले. टेबलापलीकडच्या तिघांपैकी एकानं विचारलं, मॅनेजमेंटच कशासाठी? त्याचं उत्तर तिनं तयार केलं होतं, देशाच्या उद्योगांबद्दल, चांगलं घोटीव इंग्रजी. पण बोलायला लागली आणि ते स्वतःलाच खोटं वाटलं. ती थांबली. मग मोडक्यातोडक्या वाक्यांत म्हणाली, की माणसं हुशार असूनही ठरावीक जागीच का चुकतात, हे तिला पाहायचं आहे. घरात पाहिलं, आता कारखान्यात आणि बाजारात पाहायचं आहे. तिघांपैकी एका बाईंनी पेन खाली ठेवलं. घरात काय पाहिलंत, त्यांनी विचारलं. पुढचा सगळा वेळ बोलणं काकांच्या खिडकीवर आणि मावशीच्या मटकीवर चाललं. बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "कसं झालं?" ती म्हणाली, "माहीत नाही. तुमच्याबद्दलच विचारत होते." काकांना गाडीत झोप लागली नाही.

निवड झाली. चंपतराव कबूल झाले, पण त्यांना वेळ लागला. मुलीनं बी.एड. करून सावनेरलाच शाळेत लागावं, असं त्यांच्या मनात होतं. अनंतला वीज मंडळात नोकरी लागली, आणि संध्याकाळी तो सीताबर्डीवर एका मित्राच्या खोलीत पुढच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांना शिकवू लागला. पहिल्या दिवशी तो त्यांना काहीच शिकवत नाही, नुसता त्यांच्या हाताकडे पाहत बसतो, असं इंदुताईंनी पुढे पत्रानं कळवलं.

जूनमध्ये हावड्याच्या गाडीत बसवायला चंपतराव स्वतः आले. गाडी सुटायच्या बेतात त्यांनी खिडकीच्या गजांना धरून विचारलं, "तिथं शिकवतात काय, ते एकदा मले सरळ सांग ना, बाई."

"मले बी पुरतं माहीत नाही, बाबा. लिहीत जाईन."

"लिहीत जा. नाही समजलं तर मी विचारीन."

त्यांनी विचारलं. पहिल्याच महिन्यात त्यांचं पोस्टकार्ड आलं. खुशाली एका ओळीत होती आणि बाकीचं कार्ड काठोकाठ भरलेलं. औंदा कापसाचा भाव पडला, की पुढच्या साली सगळे तूर लावतात. मग तुरीचा भाव पडते आणि कापूस महाग होते. हे सगळ्यांलेच माहीत आहे, मीबी धरून, तरी दर साली आम्ही तसंच करतो. याले तुमच्या पुस्तकात काय म्हणतात?

अरुंधतीनं कार्ड दोनदा वाचलं. मग ते हातात धरून ती अर्थशास्त्राच्या सरांची खोली शोधायला निघाली.