छान म्हणणारी बायको

मास्तरांच्या बायकोने बरेच महिने त्यांच्या शिवणकामाला नावं ठेवली नव्हती, आणि मास्तर त्या दुःखाने खंगत चालले होते.

एरवी कुठल्या नवऱ्याला याचं दुःख होत नाही. पण दुकानात कामाची वाटणीच तशी होती. मास्तरांनी शिवायचं आणि बायकोने, म्हणजे सगळ्यांच्या काकूंनी, काजं-बटणं करता करता त्या शिवणीची अब्रू काढायची. "ही कॉलर आहे की मांजराचे कान?" हे ऐकल्याशिवाय शर्ट गिऱ्हाइकाकडे जात नसे. मग काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आता त्या खुर्चीत बसून कापड चाचपत आणि म्हणत, "छान झालंय." 

ऑपरेशनचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून काकूंसाठी आरोग्य विमा घ्यायला मास्तर एकटे जाऊन आले होते. टेबलामागच्या तरुणाने अदबीने सांगितलं, "डोळे चांगले असते तर लगेच दिला असता. जुनं दुखणं म्हणजे काही वर्षं थांबा, आणि हप्ताही भारी पडेल." त्याच्या शर्टाचा खिसा वाकडा होता. घरी येऊन ते कुणाला सांगावं? काकू म्हणाल्या असत्या, छान असेल.

शेवटी शिंप्यांच्या सहकारी संस्थेने विषय सभेत घेतला. "दोरा आणि अस्तर आपण एकगठ्ठा आणतो म्हणून स्वस्त पडतं," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "विमाही तसाच आणू." सगळे सभासद घरच्यांसकट आले, तर हप्ता परवडण्याजोगा होत होता आणि जुनी दुखणीही पहिल्या दिवसापासून चालत होती. मात्र एक जरी गळला, तरी भाव मोडणार होता.

गळणारा हजर होताच. त्याला सगळे पैलवान म्हणत. "मला साधी शिंक येत नाही," तो म्हणाला. "मी कशाला भरू?"

मास्तरांनी मान खाली घातली. स्वतःच्या बायकोसाठी मागायचं म्हणजे जीभ टाळ्याला चिकटते.

शेजारी बसलेल्या काकूच बोलल्या. "पैलवान, शर्टाला आतून एक जादा बटण टाचतोस ना रे? कशाला?"

"एखादं तुटलं तर असावं."

"नाही तुटलं तर?"

"राहतं तिथंच. कुणाला टोचतंय?" पैलवान म्हणाला आणि सावध झाला. "पण काकू, ते ज्याचं त्याच्या शर्टाला असतं. मी दुसऱ्याच्या शर्टाला का लावू?"

"अरे, जन्मभर दुसऱ्याचेच शर्ट शिवतोयस की!"

सभा खो खो हसली. पैलवानाचे कान लाल झाले. "लिहा माझं नाव," तो म्हणाला, "आणि काकूंना आवरा."

काकूंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी एक शर्ट शिवला आणि त्यात जाणूनबुजून एक काज तिरकं केलं. तिला काहीतरी सापडायला नको?

पट्टी निघाली. काकूंनी शर्ट खिडकीशी धरला. 

"हे काज तुम्ही मुद्दाम बिघडवलंय," काकू म्हणाल्या. "पण ही बाही बघा. ही मनापासून चुकलीये."

 मास्तर पुढे सरकले. "आणि पाठीला?"

"पाठीसाठी दुसरा डोळा लागेल. तो अजून व्हायचाय."

मास्तरांनी शर्ट उलटा करून त्यांच्या मांडीवर ठेवला. "तोवर आहे त्यानेच बघ."