पंचफुलाला मिळालेलं काम

१९८७ सालच्या डिसेंबरात तलमडुगुजवळच्या एका गावातल्या मराठी शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी चालली होती. सुधाकरराव मास्तरांनी आदिलाबादहून व्हीसीआर आणून मुलांना चोर-पोलिसांचा एक जुना विनोदी सिनेमा दाखवला आणि त्यावरूनच नाटक बसवायला घेतलं. सिनेमात शेटजींच्या घरचा हार जातो आणि संशय मोलकरणीवर येतो. तिचं तोंड काळं रंगवलेलं, बोलणं अडाणी. ती मार खायची आणि बघणाऱ्यांनी हसायचं. मास्तरही पोट धरून हसले होते.

सातवीतली पंचफुला अभ्यासात पुढे होती. तिचे वडील भिवाजी हे तालुका कचेरीसारख्या मंडल कचेरीत कारकून, बौद्ध वस्तीतले पहिले नोकरदार. कामं वाटायच्या दिवशी ती आपणहून पुढे आली.

"सर, मले इन्स्पेक्टर करा. समदं पाठ हाये माह्यं."

तिने संवाद न अडखळता म्हणून दाखवले. तरी इन्स्पेक्टर झाली सरपंच माणिकरावांची कुसुम. पंचफुलाला मोलकरीण देताना मास्तर सहज बोलून गेले, "तुले तर रंगही लावा लागत नाही." वर्ग हसला. पंचफुला मान खाली घालून जागेवर जाऊन बसली.

संमेलनाला भिवाजी इस्त्रीचा सदरा घालून, बायकोला, रुक्माबाईंना घेऊन आले. आपल्याला काय काम मिळालंय, हे लेकीने घरी सांगितलंच नव्हतं. कुसुमने काठी उगारली तशी माणसं हसू लागली. आता मोलकरणीने पाया पडून 'चुकलं मालक' म्हणायचं होतं. पंचफुला उभीच राहिली. मास्तरांनी पडद्यामागून वाक्य सांगितलं, पुन्हा सांगितलं.

"म्या चोरी नाही केली," ती म्हणाली. "मी पाया पडत नाही."

लोकांना ही नाटकातलीच गंमत वाटली, ते आणखी हसले. हसणं थांबेपर्यंत ती तिथेच उभी होती. मग खाली उतरून बापाजवळ गेली. भिवाजींनी तिचा हात धरला आणि तिघं मांडवाबाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी मास्तर त्यांच्या घरी गेले. सहा वर्षांच्या नोकरीत त्यांनी त्या वस्तीत पाऊल टाकलं नव्हतं. रुक्माबाईंनी खुर्ची दिली. मास्तरांनी माफी मागितली, पुढच्या वर्षी इन्स्पेक्टरचं काम तुझंच, असंही म्हणाले. त्यावर पंचफुला म्हणाली,

"सर, थो पिक्चर पायताना मीबी हासली व्हती. थे बाई आपल्यासारखीच हाये, हे मले मांगून समजलं. तुमाले कवा समजलं?"

मास्तरांना ते काल समजलं होतं, पडद्यामागे, हातात नाटकाची वही असताना.

जूनमध्ये भिवाजींनी लेकीला उटनूरच्या शाळेत घातलं. हिवाळ्यात माणिकरावांनी निरोप धाडला, तेच नाटक पुन्हा करा, लोक लय हासले व्हते. मास्तरांनी नकार दिला. संमेलन त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात, आपण पंचफुलाला काय बोललो होतो, ते शब्द जसेच्या तसे सांगितले आणि विचारलं, तेव्हा कोण कोण हसलं होतं? आधी स्वतःचा हात वर केला. बऱ्याच वेळाने कुसुमने केला. मग एकेक करत सगळा वर्ग हात वर करून बसला.

जिच्यासमोर हे व्हायला हवं होतं, ती मुलगी तिथे नव्हती.