जीपमधलं दार

केवलरामनं जीप घरी आणली त्या दिवशी भागीरथानं ओवाळायला ताट काढलं नाही. "नवीन गाडी येते तिले ओवाळतात," ती दारातूनच म्हणाली, "मेलेली येते तिले काय करतात ते शेजारणीच्या देखत मले बोलाले लावू नका."

तिचं काही चुकलं नव्हतं. जीप ट्रकच्या मागं दोराला बांधून आली होती. लढाईच्या वेळची, स्टिअरिंग डाव्या हाताला, पुढचा एक दिवा फुटलेला आणि दुसरा मुळातच नाही. पोलादाच्या प्लांटनं भंगारात काढलेल्या गाड्यांच्या रांगेत केवलरामनं तिला लांबूनच ओळखलं होतं. छप्पन साली सर्व्हे पार्टी भिलाईच्या माळावर खुंट्या ठोकत फिरत होती, तेव्हा हीच जीप तो चालवत होता. आमगावहून आलेला, पंचविशीतला, खाकी टोपी वाकडी घालणारा ड्रायव्हर. आता चौसष्ट साल होतं. टोपी सरळ झाली होती, नोकरी पर्मनंट होती, आणि सेक्टरमधल्या क्वार्टरमागं टिनाचे चार पत्रे आणि बांबूचे टट्टे घालून त्यानं गॅरेज उभं केलं होतं. भागीरथा त्याला गोठा म्हणायची.

"सासुरवाडीले जीपनं जाऊ," तो म्हणायचा.

"जीप आमगावले पोचेल तवा माझे माय-बाप असतील का पण?"

तरी तो सुट्टीचा दिवसभर त्या गोठ्यात असे. इंजिन उतरवलं, वॉल्व्ह घासले, पेट्रोलच्या टाकीतून ओंजळभर गंज काढला. सुपेल्याच्या भंगारवाल्यांकडे त्याची इतकी ये-जा झाली की ते त्याला पाहून आधी चहा सांगू लागले. लोकांना वाटे, हौस आहे. भागीरथालाही तसंच वाटे. हौस होतीच. पण जीप दुसऱ्या कुणाच्या हाती गेली असती, तर तिचा मागचा तळ त्यानं उघडला असता, आणि ते केवलरामला नको होतं.

कारण त्या तळाला तुळसाबाईचं दार होतं.

तुळसाबाई ही भाजीवाली. जुनवानीकडून सकाळी टोपली डोक्यावर घेऊन यायची आणि भागीरथाच्या मागच्या पायरीवर टेकायची. दोघींचं चांगलं जमलं होतं. एक छत्तीसगढी बोले, दुसरी झाडीकडची मराठी, आणि मध्ये जी हिंदी पडे ती दोघींचीही नव्हती. ती आली की केवलराम आतल्या खोलीत जाऊन कडी लावायचा. जीप आल्यापासून सोय झाली होती. तो जीपखाली जाऊन पाठीवर पडायचा. बाहेर नुसते पाय दिसत, आणि पायांवरून कोण कुणाला ओळखतं?

"तुमचं त्या बाईशी काय वैर हाये जी?" भागीरथानं एकदा विचारलं. "तिनं आणलेली लाल भाजी खात नाई, बरबटीच्या शेंगा खात नाई. ती बिचारी, दार नेणाऱ्या चष्मेवाल्या साहेबाले शिव्या देते, तुमाले तर नाई देत."

चष्मेवाला साहेब! ते ऐकलं की केवलरामचा घास तोंडात फिरत राही.

झालं होतं ते असं. प्लांटसाठी जी गावं उठायची होती त्यातल्या एका गावाबाहेर, भर पावसात, धानाच्या बांधीत जीप रुतली. हरेलीची अवस होऊन आठवडाही झाला नव्हता. चाकं नुसती फिरत होती आणि जीप पोटावर बसत चालली होती. देवराव साहेब, सर्व्हेचा ओव्हरसियर, जीपमध्ये चष्मा पुसत नकाशा सांभाळत बसला होता. केवलराम फळी शोधायला गावात गेला. पहिलं घर तुळसाबाईचं. नवरा टाटानगरला मजुरीला, घरात ती एकटी. तिच्या दाराला साजाच्या लाकडाची एकच जाड फळी होती. केवलराम म्हणाला, "साहेबानं मागितली हाये. उद्या सकाळी आणून देतो." साहेबानं काही मागितलं नव्हतं. पण साहेबाचं नाव घेतलं की कामं लवकर होतात, हे वाकड्या टोपीला ठाऊक होतं. बाईनं स्वतः दार चौकटीच्या खोबणीतून उचलून दिलं. वर चिखलात ढकलायलाही आली.

जीप निघाली. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. तिसऱ्या दिवशी जीपच्या सडलेल्या तळातून लोखंडी खुंट्या गळू लागल्या, आणि दाराची फळी खालून हातभर कापली तर तिथं नेमकी बसते, हे केवलरामच्या ध्यानात आलं. नकाशावर त्या गावाभोवती लाल रेघ त्यानं पाहिली होती. चार-सहा महिन्यांत गाव उठणार, मग बाईला दार कशाला, असा त्यानं हिशोब केला. कापलेल्या तुकड्यावर कॅम्पात चहा झाला. देवराव साहेबानं दोनदा विचारलं, "केवलराम, त्या बाईचं दार दिलंस ना?" दोन्ही वेळा तो म्हणाला, "देलं साहेब."

त्याच साहेबानं पुढं चिठ्ठी देऊन त्याला नोकरीत चिकटवलं. एकसष्टला साहेब वर्ध्याला घरी गेला आणि तिथंच वारला.

दार कापलं त्यानंतरच्या फाल्गुनात गाव उठलं तेव्हा केवलराम रस्त्यावर जीप लावून उभा होता. बैलगाड्या चालल्या होत्या. कोणी कौलं सोडली, कोणी भांडी सोडली, पण दार कुणीही सोडलं नव्हतं. नव्या जागी आधी जुनं दार उभं करायचं, मग घर, अशी त्यांची रीत. प्रत्येक गाडीवर एक दार आडवं. तुळसाबाईच्या गाडीवर गाठोडी होती आणि एक बकरी होती. त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली.

या आषाढात जीपचं इंजिन पहिल्यांदा बोललं. त्याच रविवारी प्लांटच्या गॅरेजातला मेकॅनिक, बाबुलाल, मदतीला आला. केवलराम पुढं कार्बोरेटरमध्ये डोकं घालून बसलेला, आणि बाबुलालनं न विचारता मागचे चार बोल्ट काढले.

"केवलभाऊ, हे सडकं लाकूड काढून टाकतो, पत्र्याची चादर ठोकू मस्त!"

"राहू दे ते!"

पण फळी निघाली होती, आणि बाबुलालनं ती उलटी केली होती.

"अरे बाप! कोण्या बावळटानं इतके खिळे ठोकले इथं?"

भागीरथा चहा घेऊन आली होती. ती कप हातात धरून वाकली. वरच्या कडेला एका रांगेत खिळे होते, लोहारानं घडवलेले, चपट्या डोक्याचे. काही काळे पडलेले, शेवटचा जरा वाकडा.

"बावळट तुमी, बाबुलालभाऊ. हे दार हाये," ती म्हणाली. "हरेलीचे खिळे हायेत हे. आपल्याकडं जिवतीच्या अवसेले लोहार येऊन चौकटीले ठोकत नाई का? तेच. घरात वाईट येऊ नये म्हून." मग ती थांबली. बोटानं मोजू लागली. "नऊ... दहा... अकरा. अवो! तुळसाबाई अकराच सांगते. लगन होऊन आली तवापासून दरसालचा एक. तिचंच दार हाये जी हे! त्या चष्मेवाल्यानं तुमच्या जीपमधी ठोकून घेतलं, अन् तुमाले पत्ताच नाई!"

केवलरामनं तोंड उघडलं. भागीरथाचा चेहरा असा उजळला होता की त्याला ते बंद करावं लागलं.

"देव पावला," ती म्हणाली. "अवस येत्या शुक्रवारीच हाये. नेऊन देऊ तिले. तुमच्या हातानं पुण्य लागून राहिलं, अन् तुमी असे काय पाहून राहिले?"

असं ते झालं. चोराला चोरी परत करायची होती, आणि वर आशीर्वाद मिळणार होता.

पाच दिवस त्यानं जीपला हात लावला नाही, दाराला लावला. शिफ्ट संपली की सरळ गोठ्यात. खालचा हातभर तुकडा नव्हता, त्याची चहाखाली राख झाली होती. रशियाहून मशिनी ज्या खोक्यांतून येत त्यांच्या फळ्या अर्ध्या भिलाईच्या घरात होत्या. कुणाचा पाट, कुणाची शेल्फ. भागीरथाच्या पिठाच्या डब्याखालची फळी त्यानं मागितली, आणि तिनं एका शब्दानं कुरकुर केली नाही. याचंच त्याला जास्त लागलं. त्यानं साजाला ती पांढरी फळी सांधली, मागून पट्ट्या मारल्या, रंधा फिरवला. काळी रशियन अक्षरं काही जाईनात. राहू दिली.

अवसेच्या सकाळी जीप पहिल्यांदा बाहेर निघाली. मागं दार उभं, ते धरून बाबुलाल, पुढं भागीरथा नव्या लुगड्यात. वाटेत लोक बघत होते आणि भागीरथा कुणाकडंही बघत नव्हती, म्हणजे सगळ्यांना दिसत होती. जुनवानीला पोचेपर्यंत इंजिन एकदाही अडखळलं नाही. केवलरामला वाटलं, आज तरी अडखळायचं होतं.

तुळसाबाईच्या घराला दार नव्हतं. चौकट होती, तिच्यात बांबूचा टट्टा सुतळीनं बांधलेला. चौकटीत कडुनिंबाची डहाळी खोचली होती आणि टिकाराम लोहार घरोघर फिरत नेमका तिथं आला होता.

तुळसाबाईनं दार पाहिलं. खिळ्यांवरून हात फिरवला, अकराही. मग आत गेली आणि एक डबी घेऊन आली. उघडली तर सात खिळे.

"हर साल येतो हा," ती लोहाराकडं हात करून भागीरथाला म्हणाली. "हर बछर पूछता है, कशात ठोकू? मैं बोलती, दे दे, रख देती हूं. मोर दुवारी आही, मेरा दार आएगा."

बाबुलालनं आणि केवलरामनं दार खोबणीत बसवलं. "धर के रख भइया," टिकाराम म्हणाला, आणि केवलरामनं दोन्ही तळवे फळीला लावून दार धरलं. सातात आजचा एक, आठ खिळे ठोकायचे होते.

पहिला बसला. घाव फळीतून त्याच्या मनगटात आला, मनगटातून दातांत.

"जियत रह, भइया," तुळसाबाई म्हणाली. "तोर लइका-बच्चा सुखी रहे."

दुसरा. "अन् ओ चष्मावाला के आंखी फूट जाय."

भागीरथा हसली. बाबुलालही हसला. तिसरा बसला. केवलरामला देवराव साहेब दिसला, जीपमध्ये बसून सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसणारा, दोनदा विचारणारा. चौथा. पुन्हा आशीर्वाद, पुन्हा शिवी. शिवी खरी केवलरामची होती आणि जात होती साहेबाला; आशीर्वाद केवलरामला येत होता, आणि तो त्याचा नव्हता.

पाचव्याला टिकारामनं हातोडा उचलला आणि केवलराम म्हणाला, "साहेबानं नाई नेलं."

"का कहत हस?" तुळसाबाईनं विचारलं.

"दार. साहेबानं मागितलंच नव्हतं. मीच मागितलं, मीच कापलं. साहेब वापस द्यायले सांगत होता. मी देलं म्हून सांगितलं." तळवे त्यानं दाराला तसेच लावून ठेवले होते. "त्या जीपवर मीच होतो, बाई. टोपीवाला."

टिकारामनं हातोडा खाली घेतला. इंजिन बंद होतं तरी टिकटिक करत थंड होत होतं, ते ऐकू येत होतं. भागीरथा त्याच्याकडं अशी पाहत होती, जशी पिठाच्या डब्याखालची फळी त्यानं का मागितली ते तिला आज कळलं.

तुळसाबाई जवळ आली. त्याच्या तोंडाकडं नाही, हातांकडं बघितलं.

"मैं तोर दुवारी में दू बछर ले बइठत हंव," ती म्हणाली. "रोज. अउ तैं भीतर ले कड़ी लगात रहे." मग लोहाराला म्हणाली, "ठोंक."

उरलेले चार खिळे बसले, ना आशीर्वाद ना शिवी. केवलराम शेवटपर्यंत दार धरून होता. नंतर तिनं सगळ्यांना गुळाचे चिले, तांदळाची गोड धिरडी, दिले, भागीरथाला दोन जास्त. केवलरामच्या हातात काही ठेवलं नाही आणि त्यानंही हात पुढं केला नाही.

परत येताना सुपेल्याच्या चौकात जीप थांबली तेव्हा भागीरथा एवढंच म्हणाली, "बरबटी कावून खात नव्हते, ते आज समजलं." आणि पदर तोंडाला लावून बाहेर बघत बसली.

दुसऱ्या दिवशी तुळसाबाई आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भागीरथानं भाजी बाजारातून आणली आणि ताट त्याच्यासमोर जरा जोरात ठेवलं. जीप गोठ्यात उभी होती, तळ उघडा, खालची जमीन दिसत होती. चादर ठोकायची त्याला इच्छा होईना.

चौथ्या सकाळी मागच्या पायरीवर टोपली टेकल्याचा आवाज आला. भागीरथा उठली, पण केवलराम आधी गेला आणि त्यानं दार उघडलं.

तुळसाबाईनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, जणू आठ वर्षांनी पहिल्यांदा.

"साहेब के का नाव रहिस?"

"देवराव."

"जियत हे?"

"नाई. तीन साल झाले."

ती काही वेळ टोपलीतल्या भाजीवर पाणी शिंपडत राहिली. "आठ बछर ले ओला गारी देत रहेंव," ती म्हणाली. "मरे आदमी ला. नाव बिगर जाने." मग "देवराव, देवराव" असं दोनदा हळू म्हणून पाहिलं, एखादा शब्द जिभेवर बसवतात तसं. "आज दीया जलाहूं ओकर नाव के."

केवलरामनं विचारलं, "अन् माझ्या नावाचं काय?"

"तोर नाव तो मालूम हे," तुळसाबाई म्हणाली.

भागीरथानं मागून येऊन बरबटीची जुडी घेतली. तुळसाबाईनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि टोपलीकडं मान केली. केवलराम वाकला, टोपली दोन्ही हातांनी उचलून तिच्या डोक्यावर दिली. वाटली होती त्यापेक्षा जड होती.